खुलभर दुधाची कहाणी: जुने छापील कागद आणि एका चित्रपुस्तकाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

जुन्या बाजारात सकाळी आठलाच पोचले. उशीर झाला की चांगला कागद व्यापारी उचलून नेतात आणि आपल्या वाट्याला दहावीची गाईडं उरतात. पितळी कुलुपं आणि बंद पडलेली घड्याळं विकणारे एक काका आहेत, ते कधीकधी खाली प्लास्टिक अंथरून त्यावर कागदही ठेवतात. आज त्यांच्याकडे दोन गोष्टी मिळाल्या.

पहिली, शिवलीलामृताच्या शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथीची बारा सुटी पानं. आडवी, कडा करपल्यासारख्या झालेल्या, दोन पानांवर चित्रं. दुसरी, कहाण्यांचं छोटं पुस्तक. पुढचं पुठ्ठं नाही, आतलं नावाचं पान अर्धं फाटलेलं. मागच्या बाजूला एक ओळ शाबूत आहे: ‘सन १८६७ चे २५ वे आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे.’ ही ओळ जुन्या पुस्तकांत इतकी दिसते की बरेच जण तेच पुस्तकाचं साल समजतात. १८६७ हे कायद्याचं साल. त्या कायद्याने पुस्तकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण घालणं सक्तीचं झालं. आपलं पुस्तक त्यानंतर कधीचंही असू शकतं.

काका म्हणाले, “ताई, याला ना वर काही, ना खाली काही. दोन्हींचे मिळून चारशे द्या.” घासाघीस केली नाही.

हे कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते. श्रावणाआधी सोमवारची कहाणी, म्हणजे खुलभर दुधाची, लहान मुलांसाठी चित्रपुस्तक म्हणून काढायची आहे. २४ पानं, चित्रं माझी, शब्द कहाणीचेच. गेली दोन वर्षं मी संगणकाच्या पडद्यावर चित्रं काढते आहे आणि सगळी एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी गुळगुळीत दिसायला लागली आहेत. म्हणून यंदा आधी जुनी छापील चित्रं हातात घेऊन बघायची आणि मगच पेन्सिल उचलायची, असं ठरवलं आहे.

१५ जानेवारी, बुधवार

पुस्तक मऊ ब्रशने झटकलं. कसर लागलेली आहे, पण जुनी. ताजी भुकटी पडत नाही. तरी धोका नको म्हणून बंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवते. घरच्यांना सांगून ठेवलं आहे.

त्याआधी पानं चाळली. शेवटच्या कोऱ्या पानावर मोडीत दोन ओळी आहेत. शेजारच्या आजोबांना मोडी येते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, पान अगदी नाकाशी धरून वाचलं: शके १८२९, श्रावण, आणि एका बाईंचं नाव. म्हणजे १९०७ सालच्या श्रावणात हे पुस्तक कोणाच्या तरी हातात होतं. नाव इथे लिहीत नाही, कुणाची तरी पणजी असेल.

आणखी एक गोष्ट. समासात पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा आहेत, ओळीच्या शेजारी, नखाएवढ्या. सोमवारच्या कहाणीत मोजल्या, आठ भरल्या. शब्दाखाली एकही नाही, सगळ्या समासातच. पहिल्यांदा वाटलं, चुका दाखवल्या असतील. पण त्या ओळींत चुका नाहीत. दहाव्या पानापर्यंतचे फोटो काढून ठेवले, बाकीचे नंतर.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा पूर्ण दिवस भिंग आणि टेबललॅम्प. कपाटात होतं ते सगळं बाहेर काढलं: पोथीची पानं, फ्रीझरमधून निघालेलं कहाण्यांचं पुस्तक, मागच्या वर्षी रद्दीत मिळालेला ‘बालबोध मेव्या’चा सुटा अंक, चाळीसेक वर्षांपूर्वीची दोन कॅलेंडरं आणि एक जुनं, मळलेलं रामपंचायतनाचं चित्र.

भिंगाखाली हे सगळे कागद वेगवेगळ्या जातीचे निघतात.

‘बालबोध मेव्या’तलं चित्र लाकडावर कोरलेलं आहे. पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर किंचित उठाव लागतो, कारण ठसा आणि खिळे (छपाईची धातूची अक्षरं) एकाच उंचीचे असतात आणि दोन्ही एकाच दाबात छापले जातात. म्हणूनच अशी चित्रं मजकुराच्या मधोमध बसलेली दिसतात. हे कोरीवकाम करणारा काळी रेघ काढतच नाही. तो पांढरं कोरून काढतो, उरेल ते काळं. आकाश बघितलं तर ते कळतं: रेघा एका बाजूने सुईसारख्या निमुळत्या होत जातात, कारण छिन्नी तिथे वर उचललेली असते. चित्रातलं घर मात्र धुराड्याचं आणि उतरत्या छपरावर बर्फ असलेलं. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये हे मासिक सुरू केलं. माझ्या अंकातला हा ठसा उघडच परदेशी चित्रावरचा आहे. मराठी मुलाने मराठी गोष्ट वाचायची आणि शेजारी बर्फ बघायचा. त्या मुलांनी बर्फ म्हणजे काय समजून घेतलं असेल, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

पोथीचं पान याच्या अगदी उलट. उठाव नाही, पाठ सपाट. बव्हेरियात झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही युक्ती: चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. पाणी असेल तिथे शाई चढत नाही, तेल असेल तिथेच चढते. कोरणं नाही, खिळे नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या पोथी लिहिणाऱ्यांना हे तंत्र फार सोयीचं गेलं असणार. अक्षराचं वळण तेच, आडवं पान तेच, ओव्यांमधले दंड तेच, आणि चित्र काढणारा हात लिहिणाऱ्या हाताच्या शेजारीच बसलेला. माझ्याकडच्या एका पानावर पिंडीवर अभिषेक चालला आहे आणि पाण्याच्या धारेची रेघ जाताजाता खालच्या ओळीतल्या ‘श’च्या काठाला टेकली आहे. खिळे जुळवून असं घडलं नसतं.

रामपंचायतनाच्या चित्रात रंग आहेत. सीतेच्या गालावर भिंग धरलं तर गुलाबी रंग ठिपक्याठिपक्यांचा, पण ठिपके ओळीत नाहीत. हाताने एकेक टेकवलेले, गालाच्या गोलाईने दाट-विरळ होत गेलेले. कॅलेंडरवर तेच भिंग धरलं तर ठिपके शिस्तीत उभे, चार रंगांची चक्रं. जुनं चित्र आणि त्याचं नंतरचं पुनर्मुद्रण ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही. दोनशे रुपयांचं भिंग खिशात असलं की फसगत बरीच टळते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंबई. चोर बाजारात शुक्रवारी पहाटेपासून वेगळीच गर्दी असते, मटण स्ट्रीटच्या दुकानांबाहेर फुटपाथवरही माल पसरलेला. फ्रेममधली बरीच चित्रं भिंगाखाली नापास झाली. एका दुकानात मात्र खरी दोन होती: रविवर्मा प्रेसचं एक लक्ष्मीचं आणि एक पुण्याच्या चित्रशाळेचं म्हणून सांगितलेलं. लक्ष्मीच्या साडीवर कुणीतरी खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. छापील चित्राला असं नटवायची तेव्हा पद्धतच होती. छापखान्यातून निघालेलं चित्र देवघरात पोचेपर्यंत असं आणखी एका हाताखालून जाई. किमती माझ्या आवाक्याबाहेरच्या. दुकानदार भाई भले होते, म्हणाले, “घेऊ नका, पण बघा, बघायचे पैसे नाहीत.” अर्धा तास बघितलं.

परतीच्या गाडीत मळवली गेलं तेव्हा खिडकीशी बसले होते. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांत तो इथे, लोणावळ्याजवळच्या मळवलीला आणला. पुढे तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. १९७२ मध्ये आगीत छापखाना गेला. पुण्याची चित्रशाळा याहून जुनी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये निघालेली. पुढे वासुकाका जोश्यांनी चालवलेली. नाना फडणवीस आणि रामपंचायतन या चित्रशाळेच्या चित्रांनी किती घरांच्या भिंती भरल्या असतील! पेशवाई जाऊन साठ वर्षं झाली होती आणि लोकांना नाना फडणवीसांचा चेहरा घरात लावायला मिळाला. दर रंगासाठी वेगळा दगड, दर दगडासाठी कागद पुन्हा यंत्रातून. आठ रंग म्हणजे एकाच कागदाला आठ फेऱ्या आणि आठही वेळा जागच्या जागी बसणं. हे ऐकून माहीत होतं, पण ती जरीची साडी प्रत्यक्ष बघेपर्यंत हाताला कळलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

किंकेडसाहेब या इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ची स्कॅन प्रत वाचली. १९१४, लंडनची मॅकमिलन कंपनी. नाव बाळगोष्टींचं असलं तरी आत आपल्या वारांच्या कहाण्याच आहेत. सोमवारची खुलभर दुधाचीही आहे. आटपाट नगराला त्यांनी आटपाट नावाचं गावच करून टाकलं आहे! चित्रं महादेव विश्वनाथ धुरंधरांची.

धुरंधर (१८६७–१९४४) कोल्हापूरचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे अनेक वर्षं तिथेच शिकवत राहिले. त्यांच्या पोस्टकार्डांचे एका संग्राहक मावशींनी मला फोटो काढू दिले आहेत. नऊवारीचा काष्टा मागून कसा दिसतो, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान किती ताठ राहते आणि कंबर कुठे झुकते, हे त्यांना विचारून काढावं लागत नाही. बर्फाच्या छपरानंतर हे बघितल्यावर जीव थंड झाला.

अडचण एकच. हे बघितलं की तसंच काढावंसं वाटतं. दुपारी तीन चित्रं काढली, तिन्ही धुरंधरांची शिळी नक्कल. फाडली नाहीत, तारीख घालून ठेवली.

८ मार्च, शनिवार

वाईट दिवस.

कहाण्यांच्या पुस्तकाची शिवण सुटत होती म्हणून एका बांधणीवाल्याकडे दिलं होतं. सांगितलं होतं, नवा दोरा आणि साधं पुठ्ठं, बाकी हात लावू नका. आज आणलं. पुठ्ठं सुंदर, पाठीला लाल कापड, आणि तिन्ही बाजूंनी कडा यंत्रावर कापून सरळ केलेल्या. पाव इंच गेला असेल. त्यांच्या दृष्टीने त्यांनी काम नीट केलं होतं. तुटक्या कडा कोणाला हव्या असतात? ते मोठ्या कौतुकाने दाखवत होते. मला तोंडातून शब्द फुटेना.

समास गेला. समासातल्या रेघा गेल्या.

घरी येऊन भिंगाखाली हिशोब मांडला. सोमवारची कहाणी नवव्या पानापासून तेराव्यापर्यंत. आठ खुणांपैकी नवव्या-दहाव्या पानावरच्या तीन फोटोत आहेत. पुढच्या पानांवरच्या चार अर्ध्या तुटल्या, पण ओळीशी टेकलेलं टोक दिसतं. एक पूर्ण गेली, बाराव्या पानावर कुठेतरी. चूक माझीच जास्त: सगळ्या पानांचे फोटो आधी काढायला हवे होते, आणि ‘हात लावू नका’ म्हणजे कोऱ्या कडेलाही लावू नका हे लिहून द्यायला हवं होतं. नुसतं वाचायला घेतो त्या पुस्तकात कोरी कडा म्हणजे काहीच नाही. शिकायला घेतो त्यात तीही मजकूरच असते.

यापुढे कुठलाही जुना कागद घराबाहेर जाण्याआधी पूर्ण स्कॅन, ६०० डीपीआय, कडांसकट. सेलोटेप नाही; फाटलं तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. (जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. मी घालत नाही, घरात लहान मूल आहे.)

२३ मार्च, रविवार

आठ दिवस त्या पुस्तकाकडे बघितलंच नव्हतं. आज बसले आणि फोटोतल्या तीन खुणा कहाणीवर ठेवून मोठ्याने वाचल्या.

पहिली खूण: राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. तिथे. दुसरी: दवंडी पिटल्यानंतर. तिसरी: घरोघरचं दूध देवळात गेलं, वासरांना पाजलं नाही, मुलांना दिलं नाही, तरी गाभारा भरला नाही. तिथे.

त्या थांबायच्या जागा आहेत. श्रावणात हातात तांदूळ घेऊन बसलेल्या बायका-मुलांपुढे कहाणी वाचणाऱ्या बाईने स्वतःसाठी केलेल्या. इथे थांब, वर बघ, तांदूळ धरलाय ना सगळ्यांनी ते बघ, मग पुढे.

आणि चित्रपुस्तकात थांबायची जागा म्हणजे पान उलटणं. २४ पानांत कहाणी कुठे कुठे तोडायची, यावर मी जानेवारीपासून अडले होते. ते १९०७ सालीच कुणीतरी करून ठेवलं होतं.

१३ एप्रिल, रविवार

रंगांचं ठरलं.

जुन्या शिळाछापांत एक प्रकार असतो: काळ्या रेघांच्या दगडाखेरीज फक्त एक दगड, फिकट पिवळट किंवा मातकट रंगाचा, पूर्ण चित्रावरून सपाट फिरवलेला. उजेड हवा तिथे त्या दगडावरचा रंग खरवडून काढायचा, म्हणजे तिथे कोरा कागद दिसतो. पांढरी शाई लागतच नाही, कागदच पांढऱ्याचं काम करतो. कपाटातल्या एका देवळाच्या चित्रात पायऱ्यांवरचं ऊन असं काढलेलं आहे आणि शंभर वर्षांनंतरही ते ऊनच वाटतं.

आपल्या कहाणीत पांढरं काय आहे? दूध. मग सबंध पुस्तकभर फिकट पिवळ्या रंगाचा हात फिरवायचा आणि फक्त दुधाच्या जागी कागद कोरा सोडायचा. माणसं, गाई, पिंड, आभाळ, सगळं त्या पिवळटात. राजाच्या घागरी, लोकांच्या चरव्या, आणि शेवटी म्हातारीच्या हातातली टीचभर वाटी, तेवढंच पांढरं. शेवटच्या दोन पानांवर गाभारा भरतो तेव्हा पान जवळजवळ पूर्ण कोरं.

तीन रंग: काळसर निळा रेघांना, कुंकवाचा लाल, आणि हा पिवळा. ऑफसेटवर तिन्ही स्वतंत्र शाया, चार रंगांचं मिश्रण नाही. पडद्यावर काम थांबवलं. बोरू आणि निबने रेघा, प्रत्येक रंग वेगळ्या ट्रेसिंग कागदावर. प्रत्येक कागद काढताना बाकीचे दोन मनात धरावे लागतात. धुरंधरांची नक्कल आपोआप सुटली. दुधाच्या काठाला रेघ द्यायची की नाही एवढ्यावरच अख्खी दुपार जाते, दुसऱ्याची आठवण यायला वेळ कुठे!

११ मे, रविवार

हक्कांची नोंद, कारण दोघांनी विचारलं. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्या वर्षअखेरीपासून मोजायचा. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचं काम २००५ पासून मोकळं. दीनानाथ दलाल १९७१, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत नाही. रघुवीर मुळगावकर १९७६, २०३६ अखेरपर्यंत नाही. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं जुनी दिसतात म्हणून लोक बिनदिक्कत कप-पिशव्यांवर छापतात, ते चूक आहे. अंक विकत घेतला म्हणून चित्र आपलं होत नाही. बघायला, शिकायला कोणी अडवत नाही. दलालांच्या रेषेतला ठेका आणि मुळगावकरांचं फवाऱ्याने केलेलं नितळ काम तासन्‌तास बघावं, आणि मग कागद बाजूला ठेवून आपलं काढावं.

२८ मे, बुधवार

पाऊस परवाच आला, मे महिन्यात. दरवर्षी ७ जूनच्या हिशोबाने कपाट आवरते, यंदा गाफील राहिले. आज कपाट उघडलं तर दमट वास. पोथीच्या दोन पानांवर राखाडी बुरशीचे डाग, अजून वरवरचेच.

काय केलं ते: पानं पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत सुटी ठेवली, उन्हात नाही. तोंडाला मास्क बांधून कोरड्या मऊ ब्रशने बुरशी बाहेरच्या बाजूला झटकली, ओलं फडकं अजिबात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. वेखंडाची पुरचुंडी ठेवली, आजीच्या पोथ्यांत असायची तशी; किडीला चालते, बुरशीला तिचा उपयोग नाही. पोथी प्लास्टिकमधून काढून तांबड्या खारव्याच्या फडक्यात बांधली. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, कापडातून श्वास घेता येतो.

१५ जून, रविवार

गेलेल्या आठव्या खुणेचा प्रश्न राहिला होता. बाराव्या पानावर, म्हातारी घरचं आटोपून देवळात येते तिथपासून गुरव राजाकडे धावतो तिथपर्यंत. एवढ्या मजकुरात कुठेही असू शकते. मी दोनदा ठरवलं, दोनदा बदललं.

आज आत्या आल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, दर श्रावणात चारही सोमवारी कहाणी वाचतात, आता जवळजवळ पाठच आहे. त्यांना काही न सांगता पुस्तक पुढे केलं, म्हटलं, “आत्या, एकदा वाचून दाखवता का? तांदूळ नाही घेत, पण ऐकायचंय.”

“जूनमध्ये कसली गं कहाणी?” म्हणाल्या, पण पदर सारखा केला आणि सुरू झाल्या.

आटपाट नगर होतं. मी खुणांची यादी मांडीवर घेऊन बसले. राजाच्या मनात आलं तिथे त्या थांबल्या. दवंडीला थांबल्या. गाभारा भरला नाही, तिथे इतक्या थांबल्या की स्वयंपाकघरातून सून डोकावली. पुढच्या सगळ्या जागा काही जुळल्या नाहीत. दोन ठिकाणी त्या सरळ पुढे गेल्या. मग म्हातारी आली. मुलाबाळांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांना चारा घातला. मला वाटलं होतं इथे थांबतील, कारण कहाणीचं सारं म्हणणं इथेच आहे. थांबल्या नाहीत. गंध, फूल, चार तांदळाचे दाणे, बेलाची दोन पानं, खुलभर दूध. तरीही नाही. म्हातारी देवाला म्हणते, राजाने गावचं सगळं दूध घातलं तरी तुझा गाभारा भरला नाही, माझ्या खुलभर दुधाने काही भरणार नाही. तिथे आत्या थांबल्या. पुस्तकातून वर बघितलं. दोन श्वास गेले असतील. मग खालच्या आवाजात, “पण मी आपली भावभक्तीनं अर्पण करते.”

वाक्याच्या मध्येच. मी तिथे पान उलटायचं कधी ठरवलंच नसतं. व्याकरणाने वाक्य पूर्ण करायला लावलं असतं.

“तिथे का थांबलात?” विचारलं.

“आई थांबायची,” म्हणाल्या, आणि चहा मागितला.

पान सोळा आणि सतरा: उजव्या कोपऱ्यात म्हातारीचा हात, हातात वाटी, वाटीत पांढरं. वाक्य ‘भरणार नाही’वर तुटेल. उरलेलं उलटल्यावर.

९ जुलै, बुधवार

पहिलं प्रूफ. पिवळा रंग अर्धा मिलिमीटर सरकला आहे. बाकी कुठल्या पुस्तकात चाललं असतं, इथे नाही. दुधाच्या एका काठाला पिवळी कड घुसते आणि दुसऱ्या काठाला नको तिथे कोरी फट उरते. वाटीतून दूध सांडल्यासारखं दिसतं. छापखान्यातले दादा म्हणाले, “मॅडम, जुन्या चित्रांत असंच असतं ना? तोच लूक येतोय.” मी पिशवीतून रामपंचायतन काढून त्यांच्या हातात दिलं आणि भिंग दिलं. त्यांनी सीतेच्या ओठापासून मुकुटापर्यंत सावकाश फिरवलं. एकही रंग जागचा हललेला नाही. चांगल्या शिळाछाप कारागिराला ‘लूक’ नको होता, त्याला रंग बरोबर बसायला हवा होता.

दादांनी मग कारण शोधलं. कागद कालच गोदामातून आला होता. पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि ताणतो. पहिल्या रंगाला एका मापाचा, तिसऱ्याला दुसऱ्या. कागद दोन दिवस यंत्राच्याच खोलीत उघडा ठेवायचा ठरलं.

१२ जुलै, शनिवार

दुसरं प्रूफ. बसला. दादांनी स्वतः भिंगातून सोळावं पान बघितलं आणि मला बोलवायच्या आधी यंत्रावरच्या पोरांना दाखवलं. सही करून आले.

२७ जुलै, रविवार

तीनशे प्रती घरी आल्या, चाळीस गेल्याही. उद्या पहिला श्रावणी सोमवार; आत्यांची प्रत काल पोचवली. शेवटचं कोरं पान त्यांनी बराच वेळ हाताने चाचपून बघितलं.

पोथीची बारा पानं पुन्हा खारव्यात. बुरशीचे डाग वाढलेले नाहीत. कहाण्यांचं पुस्तक सबंध स्कॅन झालं, कडांसकट, जेवढ्या उरल्या तेवढ्या. स्कॅन करताना शुक्रवारच्या कहाणीवर आले, भावाच्या घरच्या सहस्रभोजनाची. तिथे खुणा सोमवारपेक्षा दाट आहेत. शाबूत सात, अर्ध्या तुटलेल्या चार. त्यातल्या तीन एकाच पानावर आहेत, बहिणीला पंगतीतून उठवतात तिथे.

आत्यांना बुधवारी बोलावलं आहे.